लहान कचेरीसाठी सर्व्हरची निवड

‘सर्व्हर’ या शब्दाचा मूळ अर्थ सेवक असा आहे. परंतु आठ-दहा माणसांच्या कचेरीत हा सेवक एक दिवस जरी आजारी पडला, तरी सारे धनी हातावर हात ठेवून बसतात. म्हणून त्याची निवड करताना वेगापेक्षा भरवशाचा विचार आधी व्हावयास हवा. प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट घडते. दरपत्रकात सर्वांत ठळकपणे छापलेला असतो तो प्रोसेसर. आणि लहान कचेरीत सर्वाधिक काळ रिकामा बसतो तोही प्रोसेसरच.

यंत्र घेण्यापूर्वी त्यात काय साठवावयाचे आहे, याची मोजदाद केली पाहिजे. उदाहरणादाखल मराठी पुस्तके प्रकाशित करणारी एखादी कचेरी घेता येईल. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘क्षि’ हे दिसावयास एक अक्षर. परंतु यंत्राच्या लेखी ते क, हलन्तचिन्ह, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट. रोमन लिपीच्या तुलनेने ही उधळपट्टीच वाटेल. तरीही एक लाख शब्दांची कादंबरी सुमारे २ मेगाबाइटांत मावते. याउलट ए-४ आकाराचे एकच पृष्ठ इंचास ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत स्कॅन केले, तर संक्षेप न करता ते सुमारे २६ मेगाबाइट व्यापते. साठ्याची गरज ठरते ती मजकुरावरून नव्हे, तर चित्रांवरून. देवनागरीच्या नावाने मोठ्या डिस्का खरेदी करण्याचे काहीही कारण नाही.

साध्या संगणकात आणि सर्व्हरमध्ये खरा भेद स्मृतीचा आहे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली दोष स्वतःच दुरुस्त करणाऱ्या संकेतांची उपपत्ती मांडली. तिच्याच पायावर आजची ‘ईसीसी’ स्मृती उभी आहे. तीत दर ६४ बिटांमागे ८ बिटे अधिक ठेवलेली असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक दुरुस्त होते व दोन बिटांची उघडकीस येते. भाषेतही हेच चालते. ‘त्या मुली आल्या’ या वाक्यात अनेकवचन तीनदा सूचित होते, म्हणून एक शब्द नीट ऐकू आला नाही तरी अर्थ हातचा जात नाही. गूगलच्या यंत्रांवरील २००९ च्या अभ्यासात एका वर्षात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. हिशेबातील एखादा आकडा मुकाट्याने बदलणे हे यंत्र बंद पडण्याहून वाईट. कारण बंद पडलेले यंत्र निदान दिसते तरी. म्हणून येथे काटकसर करू नये.

डिस्कांच्या बाबतीत दोन कामे वेगळी काढली पाहिजेत. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी फिरती डिस्क हवी ती जागा समोर येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसती थांबते. मोठी चित्रे सलग वाचताना हे जाणवत नाही. पण हिशेबाच्या कोष्टकांतील शेकडो बारीक नोंदी वाचताना फार जाणवते. हिशेबासाठी एसएसडी आणि स्कॅनसाठी फिरत्या डिस्का, ही विभागणी म्हणूनच योग्य ठरते. दोन्हीकडे जोडीची डिस्क आरशासारखी ठेवावी; ४ टेराबाइटांच्या दोन डिस्कांत मग ४ टेराबाइटच मावतात, आणि ही किंमत मोजण्याजोगी आहे. जुन्या कचेरीत जाळे सेकंदास १०० मेगाबिटांचे असेल, तर ते आधी बदलावे. त्यातून सेकंदास १२ मेगाबाइटांच्या वर काही जात नाही. मग डिस्क कितीही वेगवान असो.

मांडणीवर ठेवण्याचे चपटे सर्व्हर स्वस्तात मिळतात, विशेषतः वापरलेले. परंतु त्यांचे बारीक पंखे इतक्या कर्कशपणे फिरतात की, शेजारी बसून मुद्रिते तपासणे अशक्य व्हावे. विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अहोरात्र सरासरी ६० वॅट घेणारे यंत्र वर्षाकाठी सुमारे ५२५ युनिट खाते. २५० वॅटचे जुने यंत्र २,१९० युनिट. उभ्या पेटीचे साधे यंत्र, सोबत यूपीएस, आणि वीज गेल्यावर त्याच्या सूचनेने यंत्र आपोआप रीतसर बंद होण्याची सोय, एवढे पुरते. ही सूचनेची तार जोडावयाचे मात्र अनेकदा राहूनच जाते.

आरशासारखी जोडी म्हणजे प्रतिलिपी नव्हे, हा भेद फार ठिकाणी विसरला जातो. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारख्या खंडणीखोर प्रणालीने केलेले कुलूपबंद रूपही दोन्हीकडे सारखेच उमटते. यासाठी यंत्रापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत नेता येईल अशी वेगळी डिस्क हवी. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायास तर २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रतिलिपी भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. आणि वह्या जतन करावयाच्या त्या आठ आर्थिक वर्षे. म्हणजे आज घेतलेल्या यंत्राचे आयुष्य वह्यांच्या मुदतीहून कमीच असावयाचे. तेव्हा दर तिमाहीस एखादी जुनी फाइल प्रतिलिपीतून काढून दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. न उघडल्यास दोष कोठे आहे, हे मूळ फाइल शाबूत असतानाच शोधता येते.