निशाणा टिकतो तो अंदाजावर

‘एपेक्स लेजेंड्स’ या व्हिडिओ गेममध्ये शत्रू एका गोळीत सहसा पडत नाही. त्याच्यावर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, सलग धरून ठेवावा लागतो आणि तो तर डावी-उजवीकडे सारखा हुलकावण्या देत असतो. हे ट्रॅकिंग सुधारायचं तर २४० हर्ट्झचा महागडा मॉनिटर घ्यावा का, असं एका वाचकानं विचारलं आहे.

साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे वाचले साधारण साडेबारा. हालचाल जास्त सलग दिसते, हा फायदा खरा आहे. पण शत्रूनं दिशा बदलली की ते डोळ्यांना कळून हात वळेपर्यंत दोनशेच्या आसपास मिलिसेकंद जातात. त्यांवर दुकानात उपाय मिळत नाही.

याच उशिराच्या मुळाशी केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक गेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हलत्या लक्ष्यावर नेम धरून ठेवणारा माणूस नेमकं काय करतो याचा त्यांनी अभ्यास केला. माणूस चूक सतत दुरुस्त करत नाही, तर साधारण अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं सुटे झटके देतो, असं त्यांना आढळलं. मग नेम सलग कसा राहतो? अंदाजामुळे! मेंदू बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि पुढे काय घडेल ते तिच्यावर आधी पडताळून पाहतो, ही कल्पना क्रेक यांनी १९४३ च्या ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ या पुस्तकात मांडली होती. १९४५ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, सायकल अपघातात ते गेले. नेम धरणाऱ्या माणसावरचे त्यांचे निबंध त्यांच्या पश्चात छापले गेले. आज नेमबाजी शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एवढा बोलबाला आहे, त्यात या माणसाचं नाव निघत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अंदाजाची ताकद डोळ्यांतही दिसते. समोरच्या कोऱ्या भिंतीवरून नजर संथपणे सरकवून पाहा. जमत नाही, ती टप्प्याटप्प्यानं उड्या मारते. आता अंगठा समोर धरून हलवा, नजर त्याच्यामागे अलगद वाहते. लक्ष्य ठरलेल्या लयीत झुलत असेल, तर डोळा थोड्याच वेळात मागे राहणं सोडून त्याच्या बरोबरीनं चालतो. द्रौपदीच्या स्वयंवरातला मासा फिरता होता खरा, पण एका लयीत फिरणारा. अर्जुनाला त्याची पुढची जागा आधीच ठाऊक होती. एपेक्समधला गडी लय मोडत राहतो, म्हणून तो माशापेक्षा अवघड.

तरी त्यालाही मर्यादा आहेत. त्याच्या धावण्याचा वेग खेळानं ठरवून दिलेला असतो आणि कोंडीत सापडला की बहुतेक जण आपल्या सवयीच्या बाजूलाच वळतात. सराव करायचा तो हे ओळखण्याचा. त्यासाठी नजर क्रॉसहेअरवर न ठेवता शत्रूच्या अंगावर ठेवा, कारण दिशाबदलाची पहिली खूण तिथेच दिसते. सरावाचं लक्ष्य एकाच तालात हलणारं नको, नाहीतर तुम्ही तो तालच पाठ कराल. माउसची संवेदनशीलता रोज बदलू नका. हात किती हलवला की क्रॉसहेअर किती सरकतो, याचा मेंदूत बसलेला हिशेब दर वेळी विस्कटतो. आणि चकमक रंगली की माउस आवळला जातो, तेव्हा बोटं मुद्दाम सैल करा. आवळलेल्या हातातून बारीक दुरुस्त्या नीट उतरत नाहीत.