पाटणादेवीला निघताना कन्नडचा पाऊस विचारा

आमच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत सुट्टीचा वार एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. कोणी पहिल्या पाळीत, कोणी तिसऱ्या. तरी श्रावण लागला की पाटणादेवीचा विषय निघतो आणि ठरवाठरवी माझ्या गळ्यात पडते.

जाणं सोपं आहे. भुसावळहून सकाळची गाडी धरायची, चाळीसगावला उतरायचं, पुढे सुमारे १८ किलोमीटर रस्त्याने. हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली जाहीर झालेलं, जळगाव आणि संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पाटणादेवी म्हणजेच चंडिकादेवी, तिचं दर्शन घेऊन केदारकुंड आणि धवलतीर्थ या धबधब्यांकडे पायवाटेने निघायचं. डब्यात दशम्या, ठेचा. रिकाम्या पिशव्या परत घरी.

खरा प्रश्न तारखेचा. हे पावसाळी धबधबे. जूनचा पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते, म्हणून घाई करणाऱ्यांना नुसते काळे कातळ दिसतात. दोन-तीन चांगल्या झडी झाल्या की ऑगस्ट-सप्टेंबरात ओढे धरतात. नवरात्रात यात्रा भरते, तेव्हा पाणी ओसरू लागलेलं आणि गर्दी वाढलेली.

दुसरी गोष्ट आमची पोरं ऐकत नाहीत. खाली ऊन असलं तरी धबधब्याला पाणी येतं ते वरच्या कन्नडच्या पठारावरून. तिथे ढग फुटला की इथला ओढा बघता बघता चढतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला. डोंगरी आणि तितूर या नद्यांनी चाळीसगावात पाणी घातलं आणि कन्नड घाटात दरडी आल्या. तेव्हापासून निघण्याआधी मी कन्नडच्या साडूभाऊंना फोन लावतो, "तिकडं पाऊस काय म्हणतो?" ते म्हणाले "झोडपतोय", तर कुंडाचा विचार सोडायचा. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर असाल तिथून काठावर चढायचं.

अशा दिवशी देवीजवळच्याच पाटणचं यादवकालीन महादेव मंदिर निवांत पाहावं. याच पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी या रानात गणित शिकवलं जात होतं, हे पोरांना सांगितलं की धबधबा हुकल्याची कुरकुर थोडी कमी होते. फार नाही, थोडीच.