आई कामाला जाते तेव्हा

सुगीचे दिवस आले की घरोघर पहाटेपासून धांदल उडते. भाकऱ्या थापायच्या, गुरांचे पाहायचे आणि डोक्यावर पाटी घेऊन शेताची वाट धरायची. नेमके त्याच वेळी दीड-दोन वर्षांचे पोर आईच्या पायाला मिठी मारते. मग सासूबाई म्हणतात, "मी त्याला कोंबडी दाखवते, तेवढ्यात तू मागच्या दाराने निघ." सून निघून जाते. आई जातानाचे रडणे टळते; पण त्या पोराच्या मनात पुढे काय होते, याचा आज थोडा विचार करू या.

हे रडणे म्हणजे हट्ट नव्हे, की लाडावल्याची खूणही नव्हे. सहा-सात महिन्यांपर्यंत मूल बहुधा कोणाच्याही कडेवर जाते. पुढे आपले कोण, परके कोण हे त्याला कळू लागते. दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे, एवढे उमगते. पण ती केव्हा परत येईल याचा हिशेब त्याच्यापाशी नसतो. म्हणून ते घाबरते. ही भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन वर्षांच्या आसपास ओसरू लागते. म्हणजे ही वाढीचीच एक पायरी आहे, बरं का!

आता आई न सांगता गेली, तर पोर वळून पाहते तो आई नाही! आई कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, एवढेच ते त्यातून शिकते. मग ती नुसती पाण्याला निघाली, तरी ते पदर सोडत नाही. "रडलास तर बुवा नेईल" या धाकाने भीतीत आणखी भर पडते. पूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया नाइलाजाने तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देत. रडणे थांबे, पण त्यापायी कित्येक बाळे दगावलीही. तेव्हा, रडणे बंद करणे हेच आपले काम, असे समजू नये.

मग करावे काय? एक, जाताना सांगून जावे. "मी खुरपायला जाते. गुरं घरी आली की मी येते." पाच वाजता म्हटलेले पोराला कळत नाही, गुरे आलेली कळतात. दोन, निरोप थोडक्यात घ्यावा. दहादा मागे वळू नये. तीन, दिलेला शब्द पाळावा. चार, ज्यांच्याजवळ मूल राहणार, त्या आजीपाशी किंवा शेजारच्या काकूंपाशी आधी चार दिवस आईने सोबत बसावे. मग घटकाभर जाऊन यावे. मग अर्धा दिवस. आईचे जुने लुगडे जवळ असले, तरी मुलाला धीर येतो. पदराआड तोंड लपवून "भोऽ" करण्याचा खेळही हेच शिकवतो, की गेलेले माणूस परत येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सांगायचे आहे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इंग्लंडमध्ये, रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. ती फारशी रडत नव्हती, तरी आतून किती कष्टी होती, हे त्यात दिसले. बालवाडीत रोज काही तासांपुरत्या येणाऱ्या मुलाची गोष्ट एवढी कठीण नसते; पण कोपऱ्यात गप्प बसलेले मूल रुळले, असे चटकन ठरवू नये. ते खेळते का, खाते का, ताईंजवळ येते का, हे पाहावे. पहिल्या आठवड्यात आईला किंवा आजीला आत बसू द्यावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा विचार होता. ओळखीचे अंगण आणि ओळखीची माणसे असली, की मुलाची भीती निम्मी होते.

तीन-चार वर्षांनंतरही मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, झोपत नसेल किंवा बोलायचे थांबले असेल, तर मात्र आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे.

सांगून जाताना पोर रडेल आणि आईचा पाय जड होईल, हे खरे. पण त्या संध्याकाळी गुरांच्या मागोमाग आई दारात दिसली, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिच्या शब्दावर विसंबायला त्याला आधार मिळतो.