कोंड्यात अडकलेला फॉस्फरस

पहाटे साडेपाच
गडहिंग्लजच्या ऊसपट्ट्यातलं आमचं शेततळं, तळाला प्लास्टिक अंथरलेलं. प्राणवायू या वेळेला सगळ्यात कमी असतो, म्हणून आधी मासे वर येऊन तोंड उघडतायत का ते बघायचं. आज तसं काही नाही.

आठ
फेकजाळं टाकलं. सायप्रिनस (कॉमन कार्प) ताणकाट्याला लावला. वजन गेल्या महिन्याएवढंच. पोट मात्र गुबगुबीत आणि कपाळाचं हाड किंचित दबलेलं. मदतीला आलेल्या पोरानं विचारलं, "काका, खात्यात की भरपूर, मग वाढंनात का?"

पोरानं नेमकं दुखणं पकडलं. आपण वर्षानुवर्षं भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी घालतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, पण त्यातला बहुतेक फायटेट रूपात बांधलेला, माशाला न पचणारा. कॅल्शियम मासा कल्ल्यांतून पाण्यातलंच ओढून घेतो. फॉस्फरस पाण्यात इतका थोडा की तो खाद्यातूनच द्यावा लागतो. त्यात प्लास्टिकमुळे तळाच्या मातीचाही आधार तुटलेला. फॉस्फरस कमी पडला की हाड कच्चं राहतं, वाढ थांबते आणि खाल्लेलं पोटात चरबी होऊन साठतं.

दुपारी बारा
बाजारात दुकानदारानं जनावरांच्या डीसीपीचं, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटचं पोतं पुढं केलं. गाईला ते चालतं. सायप्रिनसला जठरच नाही, म्हणजे ते विरघळवणारं आम्लही नाही. जपानमधल्या ओगिनो यांच्या १९७९ च्या प्रयोगांत सायप्रिनसला डायकॅल्शियममधला फॉस्फरस सुमारे ४६ टक्के लागू पडला, हाडांसारख्या ट्रायकॅल्शियममधला जेमतेम १३, आणि मोनोकॅल्शियममधला तब्बल ९४ टक्के. पोत्यावर नुसता 'फॉस्फरस' वाचून भागत नाही, तो कुठल्या रूपात आहे हे बघायलाच हवं. मी मोनोकॅल्शियमच मागितलं. सोबत चुनखडीची पूड घ्यायचा आग्रह झाला. ती घेतली नाही. जादा कॅल्शियम फॉस्फरस अडवतं, जस्तही अडवतं, आणि जस्त तुटलं की माशाच्या डोळ्यात मोतीबिंदू होतो.

चार
शंभर किलो खाद्याला दोन किलो मोनोकॅल्शियम. किलोभर खाद्यात पचणारा फॉस्फरस सहा-सात ग्रॅम लागतो. कोंडा-पेंडीतला थोडाफार धरला तर एवढ्यात बसतं. ही पूड पाण्यात लगेच विरघळते, म्हणून मैद्याची खळ शिजवून त्यात सगळं घट्ट मळायचं आणि गोळे टोपलीत ठेवून टोपली पाण्यात सोडायची. मूठभर जास्त घालायचा मोह टाळावाच. उरलेला फॉस्फरस शेवाळ पोसतो.

रात्री नऊ
पंगस पाळणाऱ्या शेजाऱ्याचा फोन. "दादा, मीबी तीच पूड आणू का?" त्यांना म्हटलं, तुमच्या पंगसाला जठर आहे, आम्ल आहे, मासळीच्या कुटीतल्या हाडांचा फॉस्फरस तो सायप्रिनसपेक्षा चांगला पचवतो. आधी तुमच्या खाद्यात कुटी किती आहे ते पोत्यावर वाचा, मग ठरवू.