दुधाच्या पिशवीचा कोपरा

१ एप्रिल २०२६पासून नव्या नियमांनी घरच्या कचऱ्याचे तिनाचे चार भाग केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चार डबे ठेवायचे कुठे, ही तक्रार लगेच सुरू झाली. त्या डब्यांत आपण टाकतो काय आणि त्यातलं पुन्हा उपयोगी पडतं किती, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

आपल्या शहरी घरांतला निम्म्याच्या आसपास कचरा ओलाच असतो. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात. वेगळा ठेवला तर त्याचं उत्तम खत होतं. सुक्यात मिसळला तर तो सगळ्याचीच माती करतो. आमटी सांडलेला पुठ्ठा आणि भिजलेली रद्दी भंगारवाला घेत नाही. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता अडवतो. मुंबईत देवनारचा डोंगर २०१६ साली पेटला, तेव्हा त्याचा धूर साऱ्या शहराने पाहिला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी तर पुण्याच्या कचऱ्यापायी विहिरींचं पाणी नासलेलं पाहिलं.

सुक्या कचऱ्याची खरी जाण ज्यांना आहे, त्यांना आपण क्वचितच विचारतो. कचरावेचक बाई प्लास्टिक हाताने चुरगाळते, आवाज ऐकते आणि ते कोणत्या ढिगात जाणार हे क्षणात ठरवते. पाण्याच्या बाटलीचा धागा होतो, त्याचं कापड विणलं जातं. दुधाच्या पिशवीपासून प्लास्टिकचा दाणा बनतो. भंगारापासून ॲल्युमिनियम बनवताना खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणूनच त्याचा रिकामा डबा रस्त्यावर पडून राहत नाही. काच कितीही वेळा वितळवता येते, पण ती जड, फुटणारी आणि भाव तुटपुंजा. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. ती पाकिटं गेलीच तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. त्याला पुनर्वापर म्हणायला माझी तयारी नाही. असं पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच त्याची जबाबदारी घ्यायला हवी.

पुण्यात १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. नावातच मालाची यादी आहे. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. उकिरड्यावर वाकणाऱ्या या बायकांनी ओळखपत्र मिळवलं आणि पुढे ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढून २००८मध्ये महापालिकेशी करार केला. कचरा दारातूनच गोळा करायचा आणि त्यातला विकाऊ माल त्यांचा, ही व्यवस्था मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा शहाणपणाची वाटते. ढिगात मिसळलेला कचरा यंत्राने निवडण्यापेक्षा दारातच वेगळा घेतलेला माल स्वच्छ राहतो, आणि त्याचे चार पैसे निवडणारीच्या हातात पडतात.

पण तिच्या हाताला आपण काय लावतो? वापरलेला सॅनिटरी पॅड किंवा डायपर सुक्यात टाकला की तो तिला उघड्या हाताने बाजूला करावा लागतो. म्हणून तो कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या. आता त्यासाठी वेगळा डबा नियमातच आला आहे.

उद्या सकाळी दूध तापवताना एवढं करा. पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, नुसती चीर द्या. सुटलेला तुकडा एवढासा असतो की तो कोणाच्याच हाती लागत नाही. मग पिशवी पाण्याने विसळा, वाळवा आणि सुक्यात टाका. तिचे पैसे मिळतात.