बापाला खांद्यावर घेणारा वीर

मुंबईच्या उपनगरांत मरोळ, गोराई यांसारखी जुनी गावं आहेत. तिथं शेकडो वर्षांपासून ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी राहत आले. त्यांची घरची बोली मराठी. पण चर्चमधली उपासना लॅटिन भाषेत चाले. लॅटिन म्हणजे रोम शहराची जुनी भाषा. माणसं ती ऐकत, तिच्यातली गाणी म्हणत. पण अर्थ फार थोड्यांना कळे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत होऊ लागली.

संस्कृतचंही आपल्याकडे असंच होतं. मंत्र कानावर पडत, अर्थ दूर राही. १२९० साली ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा तो साध्या माणसांपर्यंत पोचला.

लॅटिन भाषेत एक थोर काव्य आहे. त्याचं नाव 'एनीड'. आपल्याला रामायण, तसं रोमन लोकांना हे काव्य. त्यांची पोरं शाळेत ते पाठ करत. आजही लॅटिन शिकणारा माणूस या काव्यापाशी येतोच. आपण त्याची ओळख करून घेऊ.

खेड्यातला कवी

हे काव्य व्हर्जिल नावाच्या कवीनं रचलं. तो इसवी सनापूर्वी ७० साली उत्तर इटलीतल्या एका खेड्यात जन्मला. एनीडच्या आधी त्यानं शेतीवर एक काव्य लिहिलं होतं. नांगरट, झाडं, गुरं, मधमाश्या, सगळं त्यात आहे.

एनीडसाठी तो अकरा वर्षं खपला. बारा भाग आणि जवळजवळ दहा हजार ओळी झाल्या. तरी त्याचं समाधान होईना. पन्नासहून जास्त ओळी अर्ध्याच राहिल्या होत्या. इसवी सनापूर्वी १९ साली तो आजारी पडून वारला. काव्य जाळून टाकावं, अशी त्याची शेवटची इच्छा होती, असं सांगतात. पण सम्राट ऑगस्टस यानं ते जाळू दिलं नाही. ऑगस्ट महिन्याला नाव आहे ते याच सम्राटाचं.

काव्यातली गोष्ट

ट्रॉय नावाचं मोठं शहर होतं. ग्रीक लोकांनी त्याला दहा वर्षं वेढा घातला. शेवटी त्यांनी एक भलामोठा लाकडी घोडा केला आणि त्याच्या पोटात सैनिक लपवले. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा आपण होऊनच आत ओढून नेला. रात्री सैनिक बाहेर पडले. शहर पेटलं.

एनिअस हा तिथला सरदार. आता लढून उपयोग नाही, हे त्यानं ओळखलं. थकलेल्या बापाला त्यानं खांद्यावर घेतलं. लहान मुलाचा हात धरला. बायको मागून येत होती. एनिअसचे हात लढाईच्या रक्तानं माखलेले. त्या हातांनी देवांना कसं शिवायचं? म्हणून घरचे देव बापाच्या हाती दिले. पोराची इवली पावलं बापाला गाठेनात. अशी ही मंडळी जळत्या शहरातून निघाली. बाहेर येऊन पाहतात, तर बायको नाही! एनिअस तिला शोधायला परत फिरला. भेटली ती तिची नुसती छाया. त्यानं तीनदा मिठी मारली. तीनही वेळा हात रिकामेच राहिले.

पुढे वर्षानुवर्षं समुद्रातला प्रवास. वाटेत बाप वारला. वादळानं जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. तिथं डायडो राणी कार्थेज नगरी वसवत होती. तिनं आसरा दिला, जीव लावला. पण देवांची आज्ञा आली की इटलीला जाऊन नवं घर वसव. एनिअस निघाला. राणीनं जीव दिला. पुढे पाताळात ती त्याला दिसली. तो रडून समजावू लागला. ती एक अक्षर न बोलता निघून गेली.

इटलीत टर्नस नावाच्या तरुण राजाशी युद्ध झालं. शेवटी टर्नस जखमी होऊन पडला आणि दया मागू लागला. एनिअसचा हात थांबला. तेवढ्यात टर्नसच्या अंगावर त्याला एक पट्टा दिसला. टर्नसनं मारलेल्या आपल्या तरुण मित्राचा तो पट्टा! राग उसळला, आणि एनिअसनं त्याला ठार केलं. तिथंच काव्य संपतं. कवी शाबासकी देत नाही, दोषही देत नाही.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही. श्रावणबाळानं आईबापांना कावडीत नेलं. पुंडलिकानं त्यांची सेवा केली. कोकणातून, घाटावरून माणसं घाटकोपर-मुलुंडला आली. गाव सुटलं, पण कित्येकांनी देव्हाऱ्यातले टाक बरोबर आणले. म्हातारी माणसं सांभाळायची आणि पोरांना पुढे न्यायचं, हे ओझं आपल्याही खांद्यावर असतं.

भाषा किती लांबची?

लॅटिन शब्द ऐका. सप्त म्हणजे 'सेप्टेम'. अष्ट म्हणजे 'ऑक्टो'. नव म्हणजे 'नोवेम'. दश म्हणजे 'डेकेम'. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं त्यांवरूनच आली. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून डिसेंबर दहावा. पिता म्हणजे 'पाटेर', माता म्हणजे 'माटेर', देव म्हणजे 'देउस'. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा आहेत.

दुसरी गोष्ट. 'रामाने रावणास मारले' म्हणा, की 'रावणास मारले रामाने' म्हणा, अर्थ तोच. कारण विभक्ती खूण सांगते. लॅटिनमध्येही तसंच. कवी शब्द कुठेही ठेवतो. शिकणारा शेवटची खूण पाहून कोणी कोणाला मारलं हे ओळखतो.

असं काव्य कसं वाचावं?

आधी गोष्ट समजून घ्यावी. मग रोज चार-पाच ओळी मोठ्यानं वाचाव्यात. एकानं वाचावं, दुसऱ्यानं अर्थ सांगावा. आपण पोथी वाचतो ती रीत हीच. अडलेला शब्द विचारायला लाजू नये. मोठ्या वयात शिकणाऱ्याला एक फायदा असतो. बाप गेल्याचं, गाव सुटल्याचं दुःख त्यानं पाहिलेलं असतं. लहान मुलाला जो अर्थ समजावून सांगावा लागतो, तो त्याला आपोआप कळतो.

विचार करून सांगा
१. एनिअसनं घरचे देव बापाच्या हाती का दिले?
२. डायडो पाताळात का बोलली नाही?
३. टर्नसला मारलं हे योग्य झालं का? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.