केराचें खत

स्वयंपाकघरांतील केर उंबऱ्याबाहेर टाकला कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी आपली समजूत असते. परंतु शहराजवळच्या ज्या गांवाच्या वेशीवर त्याचे ढीग सांचतात, तेथील बायामुलांना ती दुर्गंधि रात्रंदिवस सोसावी लागते. म्हणून ओल्या केराचें खत घरींच करावें, असें आम्हीं ठरविलें.

पहिला प्रयोग फसला. नुसते भाजीचे देंठ व फळांच्या साली बंद डब्यांत कोंबल्यामुळें आठ दिवसांत त्यांचा चिखल झाला, आणि 'ही घाण घरांत नको,' म्हणून आजींनीं डबा बाहेर काढविला. चूक आमचीच होती. हें काम सूक्ष्म जंतूंचें. त्यांना ओलावा हवा, तशी हवाही हवी. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं ग्रंथरूपानें मांडलेल्या इंदूर पद्धतींतही ढीग वरचेवर खालवर करण्यावर भर आहे, तो याचसाठीं.

आतां आम्ही बुडाशीं व बाजूंना भोकें असलेली मातीची कुंडी घेतों. एक भाग ओला केर व दोन भाग वाळलेला पाचोळा असे थर देऊन वर मूठभर जुनें खत पसरतों. आठवड्यांतून एकदां सर्व खालवर करतों. मुठींत दाबल्यास हात ओलसर व्हावा, पण पाणी गळूं नये, इतकीच ओल ठेवितों. तेलकट अन्न घालीत नाहीं. सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत तयार होतें.

परवां आजींनीं त्यांतलें ओंजळभर हुंगून पाहिलें आणि म्हणाल्या, "घाला तुळशीला." वाचकांनीं एक कुंडी तरी मांडून पहावी.